अंगणवाडीचें दार

ताडोबाच्या अरण्यांत शिरतांना मोहर्लीच्या फाटकावर परवाना दाखवावा लागतो, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं. त्याच न्यायानें लस न टोंचलेल्या मुलास अंगणवाडींत घेऊं नये, असें मत आमच्या एका स्नेह्यांनीं तेथेंच आमच्यापाशीं मांडलें. जर्मनींत 2020 पासून शिशुगृहांतील मुलांस गोंवराची लस सक्तीची आहे, हा दाखलाहि त्यांनीं दिला.

ह्या मताच्या मुळाशीं असलेलें तत्त्व आम्हांस मान्य आहे. 14 जून 1802 रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचली, आणि तिच्या दंडावरील फोडांतून इतरांस ती मिळाली. एकाच्या दंडानें दुसऱ्याचें रक्षण व्हावें, हा प्रकार तेव्हांपासूनचा आहे. गोंवराची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पुरे झाल्यावर टोंचतात. तोंवर अर्भकाची भिस्त इतर मुलांवरच. अंगणवाडींत थोरल्यास पोंचवावयास येणाऱ्या आईच्या कडेवर असें अर्भक पुष्कळदां असतें. “माझें मूल, माझी मर्जी” म्हणणाऱ्या बापास त्याविषयीं जाब विचारण्याचा अधिकार समाजास आहेच.

परंतु अंगणवाडी हें नुसतें खेळघर नव्हे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सहा महिने ते सहा वर्षें वयाच्या मुलास तेथें विनामूल्य आहाराचा हक्क दिला आहे. दार लावलें तर चूक बापाची आणि उपास मुलाचा! शिवाय कुपोषित मुलास गोंवर अधिक घातक. आणि परत पाठविलेलें मूल त्याच गल्लींत, त्याच सवंगड्यांत दिवसभर खेळणारच. मग टळलें काय? शहरांतील फी घेणाऱ्या बालवाडीनें दाखला खुशाल मागावा. तेथून परतलेल्या मुलाचें ताट घरीं वाढलेलें असतें.

बरें, लस चुकते ती नेहमीं हट्टानेंच चुकते काय? मोहफुलांच्या नि तेंदूपानांच्या हंगामांत आई पहांटेच जंगलांत जाते. टोंचल्यावर मुलास ताप आला तर दुसऱ्या दिवसाची मजुरीहि बुडते. अशा घरीं परिचारिकेनें सायंकाळीं जावें, पुन्हां जावें, आणि तोंवर मुलाचें जेवण चालू ठेवावें, असें आमचें मत आहे.

मधल्या दिवसांत कडेवरच्या अर्भकास धोका राहतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. “तें तुमचें नातवंड असतें तर?” असें स्नेह्यांनीं निघतांना विचारलें. त्यांस उत्तर देणें अद्याप आम्हांस जमलेलें नाहीं.