बेणारेबाईंना छळतो तो कोणाचा भूतकाळ?

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, तर लीला बेणारे ही शिक्षिका साकारली सुलभा देशपांडे यांनी. तेव्हापासून बेणारेबाईंविषयी एक समज रूढ झाला आहे, की भूतकाळ त्यांची पाठ सोडत नाही. मला हा समज चुकीचा वाटतो. त्यांचा भूतकाळ इतरांनी त्यांच्यामागे लावलेला आहे.

सुरुवातीची बेणारे आठवा. ती गाते, हौशी नाटकमंडळीतल्या सहकाऱ्यांची टर उडवते, आपल्या शाळेविषयी अभिमानाने बोलते. पंधराव्या वर्षी मामावर जडलेला जीव, त्याने ऐन वेळी फिरवलेली पाठ, आत्महत्येचा फसलेला प्रयत्न आणि आता त्याच मंडळीतल्या प्रा. दामल्यांपासून राहिलेला गर्भ, हे सगळं तिच्या पोटात आहे. तरीही ती पुढचा विचार करते. मुलाला बाप मिळावा म्हणून सहकारी पोंक्षेला आणि रोकडेलाही लग्नाचं विचारते. पर्समध्ये टिक-ट्वेंटी या विषाची बाटली आहे हे खरं. पण जगण्याची तिची खटपटही तितकीच खरी आहे.

टेनेसी विल्यम्सच्या ज्या नाटकाचा तेंडुलकरांनीच ‘वासनाचक्र’ या नावाने अनुवाद केला, त्यातल्या ब्लांशचं दुखणं वेगळं. नवऱ्याने जीव दिला त्या रात्रीचं संगीत तिच्या कानात वाजत राहतं. बेणारेबाईंचं पूर्वायुष्य मात्र सहकाऱ्यांनी मांडलेल्या लुटुपुटूच्या खटल्यात साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून बाहेर येतं. भोळा सामंत तर कादंबरीतला प्रसंग साक्षीत सांगून मोकळा होतो, आणि कोर्टाला तेवढा पुरतो.

मग भूतकाळ खरा सलतो कोणाला? सुखात्म्यांची वकिली चाललेली नाही, पोंक्षे इंटरला आपटलेला आहे, न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या घरात पाळणा हललेला नाही. कमावती, एकटी आणि हसरी बाई या सगळ्यांना आपापल्या अपयशाची आठवण करून देते. खेळाच्या नावाखाली तिला आरोपी केलं, की निदान तेवढ्या वेळापुरते ते न्यायाधीश आणि वकील होतात. त्यांच्या क्रौर्याचं मूळ इथे आहे.

या कोर्टाची रचनाही बघण्यासारखी आहे. एरवी आरोपीचे वकील असतात दामले. ते आलेलेच नाहीत, म्हणून फिर्यादीचे वकील सुखात्मेच बचावाचा कोट चढवतात. ज्या पुरुषाने जबाब द्यायचा, तो गैरहजेरीमुळेच निर्दोष राहतो. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारं हेच कोर्ट शेवटी तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतं.

कायदा मधल्या काळात बराच पुढे गेला. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यातली ‘विवाहित’ स्त्रीची अट काढली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पंधरा वर्षांच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या मामाला गुन्हेगार ठरवलं असतं. पण काशीकरांचं कोर्ट कायद्याच्या आधाराने चालत नव्हतंच. ते चाललं चार सभ्य माणसांच्या एकमतावर. म्हणूनच सोसायटीच्या जिन्यात आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये ते अजूनही भरतं.

नव्या दिग्दर्शकांना एकच विनंती. बेणारेबाईंना पहिल्या प्रवेशापासून दुःखी करू नका. त्यांना मनसोक्त हसू द्या, आणि प्रकाश आरोप करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर टाका.