ठराव एकाचा, जीव दुसऱ्याचा

२५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरच्या आक्रमणाविरुद्धचा ठराव सुरक्षा परिषदेत मतदानाला आला, तेव्हा परिषदेचं अध्यक्षपद पाळीप्रमाणे रशियाकडेच होतं. बाजूने ११ मतं पडली. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिरात तटस्थ राहिले, आणि रशियाने एकट्याच्या नकाराधिकाराने ठराव पाडला. पुढे गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने असेच पुन्हा पुन्हा पाडले. तेव्हापासून ‘संयुक्त राष्ट्रसंघ गुंडाळा’ म्हणणारे वाढले आहेत. माझे एक विद्वान प्रतिपक्षी त्याच्याही पुढे जातात. संघाला स्वतःची फौज द्या, ती देता येत नसेल तर त्याने सुरक्षेची भाषाच बोलू नये, असं ते सभांमधून आणि लेखांमधून मांडत असतात. ऐकायला हे तडफदार वाटतं, पण घडलेल्या गोष्टींशी ताडून पाहिलं की टिकत नाही.

फौजेची कल्पना नवी नाही. १९४५च्या सनदेतलं ४३वं कलम तेच सांगतं: सदस्य देशांनी करार करून आपलं सैन्य परिषदेच्या हाती द्यावं. असा एकही करार आजवर झालेला नाही. संघाच्या झेंड्याखाली मोठं युद्ध लढलं गेलं ते १९५० साली कोरियात, आणि तेही योगायोगाने. चीनच्या जागेच्या वादावरून सोव्हिएत प्रतिनिधी परिषदेवर बहिष्कार टाकून बसला होता, म्हणून नकाराधिकार वापरायला कोणी नव्हतं. तीन वर्षं लाखो माणसं मेली आणि लढाई जिथे सुरू झाली जवळपास तिथेच थांबली. शिवाय संघ स्वतःच लढणारा पक्ष झाल्यामुळे युद्ध थांबल्यावर मध्यस्थीला तो उपयोगी पडेना.

त्या वेळी जे काम झालं, त्याची आठवण आपल्याकडे फार कमी लोकांना आहे. मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई युद्धकैदी होते. त्यांचं काय करायचं यावर शांतता अडली होती. अखेर पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते आपले जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असं बजावलं होतं. म्हणून इंचॉन बंदरातून आपल्या माणसांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या छावणीला त्यांनी ‘हिंद नगर’ नाव दिलं.

सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला तारेच्या कुंपणाआड ओढून धरून ठेवलं. बाहेर रायफली सज्ज होत्या. गोळीबार केला असता तर अधिकारी गेला असता, शेकडो कैदी गेले असते, आणि कदाचित युद्धविरामही मोडला असता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह त्या संतप्त जमावात गेले, दगड आणि घोषणा झेलत बोलत राहिले, आणि एकही गोळी न झाडता आपल्या माणसाला सोडवून घेऊन आले. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र (वर्ग दोन), म्हणजे आजचं कीर्तिचक्र, मिळालं. सगळंच असं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. काही दिवसांनी पहारेकऱ्यांना गोळ्या झाडाव्या लागल्या, कैदी मेले, दोन्ही बाजूंनी भारताला शिव्या घातल्या. तरी फेब्रुवारी १९५४ मध्ये आपलं दल परतलं तेव्हा युद्धविराम शाबूत होता, आणि तो आजही आहे.

थोरातांना हे जमलं, कारण दोन्ही पक्ष लढून थकले होते आणि तिसरा कोणीतरी त्यांना हवा होता. थोरातांकडे फौज मोठी असती तर उलट संशय वाढला असता. १९६७ साली हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. सिनाई आणि गाझातली शांतिसेना काढून घ्या असं इजिप्तने म्हटल्यावर सरचिटणीस ऊ थांट यांनी ती काढली, आणि ५ जूनला युद्ध पेटलं. माघार अर्धवट असताना भारतीय जवानही त्यात मारले गेले. ऊ थांट यांना भित्रे ठरवणारे एक गोष्ट सांगत नाहीत: ही सेना आपल्या बाजूच्या हद्दीत ठेवायला इस्रायलने कधीच संमती दिली नव्हती, त्या मे महिन्यातही नाही. यजमानाने दार उघडलं तरच आत राहता येतं, हा त्या सेनेचा पाया होता.

संमती आहे तिथे संघ उपयोगी, नाही तिथे हतबल, इतक्यावर हा विषय संपला असता तर बरं झालं असतं. पण रवांडा आडवा येतो. तिथे संमती होती. शांतता करार होता, दोन्ही पक्षांनी बोलावलेले सुमारे अडीच हजार सैनिक होते. ११ जानेवारी १९९४ रोजी त्यांचे कॅनेडियन प्रमुख रोमिओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला कळवलं की तुत्सींना मारण्यासाठी शस्त्रं लपवली आहेत, छापा घालतो. उत्तर आलं की छापा घालू नका, रवांडाच्या अध्यक्षांना कळवा. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. पहिल्याच दिवशी बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार माणसं त्या सैनिकांच्या आसऱ्याला जमली होती. ११ एप्रिलला सैनिकांचे ट्रक फाटकाबाहेर पडले, मारेकरी बाहेर वाटच पाहत होते. आसऱ्याला आलेली बहुतेक माणसं मारली गेली.

ही माणसं तिथे जमली ती निळा झेंडा पाहून. तो झेंडा नसता तर काही जण शेतांत, दलदलीत पांगले असते, काही जगलेही असते. रक्षणाचं खोटं आश्वासन माणसांना एका जागी गोळा करतं आणि मारणाऱ्यांचं काम सोपं करतं. पुढच्याच वर्षी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेही असंच. आश्वासन पाळता येत नसेल तर ते देऊ नये, ही संघाची पहिली मर्यादा त्याने स्वतःच आखून घ्यायला हवी.

२१ एप्रिलला परिषदेने रवांडातली सेना २७०वर आणायचं ठरवलं. सोमालियात १८ अमेरिकी सैनिक मरून जेमतेम सहा महिने झाले होते, त्यामुळे वॉशिंग्टनला आफ्रिकेत आणखी गुंतायचं नव्हतं. आणि त्या वर्षी परिषदेच्या अस्थायी जागांपैकी एक खुद्द रवांडाच्या सरकारकडे होती! माझ्या प्रतिपक्ष्यांची स्वतंत्र फौज असती तर तिला हुकूम याच टेबलावरून गेला असता. डॅलेअर मात्र काही शे माणसांनिशी मागे राहिले, त्यांत घानाचे सैनिक मोठ्या संख्येने होते, आणि अमाहोरो स्टेडियममध्ये आश्रयाला आलेली हजारो माणसं वाचली. मूठभर सैनिकांकडून हे झालं, कारण फाटक सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

म्हणून मला प्रश्न विचारायचा आहे तो आपल्या सरकारला. शांतिसेनेच्या कामात भारताचे पावणेदोनशेहून अधिक सैनिक मरण पावले आहेत, दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. अमेरिका आणि रशियाचे गणवेशातले लोक तिथे मूठभर, तरी कामगिरीचा मजकूर ठरतो त्यांच्या संमतीने. दिल्लीची सारी ताकद कायमच्या जागेची मागणी करण्यात खर्च होते. ती जागा नकाराधिकारासह मिळाली तर नकार देणारा सहावा देश वाढेल, शाळेच्या फाटकाशी काहीच बदलणार नाही. सनदेचं ४४वं कलम सांगतं की परिषदेबाहेरच्या देशाकडे सैन्य मागताना, त्याची इच्छा असल्यास, त्या सैन्याच्या वापराच्या निर्णयात त्याला सामील करून घ्यावं. भारतीय प्रतिनिधी हे कलम अधूनमधून भाषणात वाचून दाखवतात आणि तरीही तुकड्या पाठवत राहतात. पुढच्या वेळी मागणी आली की आधी कामगिरीचा मसुदा मागवा. गोळी कधी झाडायची, कोणाच्या हुकुमाने, आसऱ्याला आलेल्यांना सोडून निघायची वेळ आली तर निर्णय कोण घेणार, हे त्यात आपल्या संमतीने लिहिलेलं असलं पाहिजे. बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, रवांडा, घाना यांनाही बरोबर घ्या. सर्वाधिक सैनिक पाठवणाऱ्या देशांत तेच येतात, आणि त्यांनी सैनिक दिले नाहीत तर न्यूयॉर्कमधला ठराव कागदावरच राहील.