हुकमाबाहेरची सेवा

आठवीत एनसीसीसाठी निवड झाली की पोराची चालच बदलते. बेल्टचं बक्कल ब्रासोने घासून लख्ख होतं, टोपीवरचा तुरा दहादा सरळ केला जातो, आणि घरात चार हाकांना ओ न देणारा मुलगा मैदानावर एका 'सावधान'ला ताठ होतो. आईबापांना त्याचंच अप्रूप. (ही शिस्त घरी कुठे जाते, यावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

कुंझरू समितीच्या शिफारशीनंतर १९४८ साली कायदा होऊन ही छात्रसेना उभी राहिली. संचलन, नकाशावाचन, नेमबाजी यांच्या जोडीला समाजसेवा तिच्या अभ्यासक्रमातच आहे. डिसेंबर २०२१मध्ये 'पुनीत सागर अभियान' सुरू झालं आणि छात्र समुद्रकिनारे साफ करायला उतरले. पुढे नद्या-तलावही त्यात आले.

हुकमाने केलेली सेवा ती कसली सेवा, असं काहीजण नाक मुरडून विचारतात. मला ते पटत नाही. वर्दी चढली की कोण बागायतदाराचा मुलगा आणि कोण धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी, हे कळत नाही. दोघांच्या हाती एकच खराटा येतो. झाडू कुणी धरायचा हे जिथे जातीने ठरवलं, तिथे ही गोष्ट लहान नव्हे. पांडुरंग महादेव बापट एडिंबरोत शिकले, पॅरिसला बॉम्ब बनवायची विद्या शिकले आणि पारनेरला परतल्यावर गावचे रस्ते झाडू लागले. लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले ते नंतर, मुळशीच्या सत्याग्रहापासून. झाडायचा हुकूम त्यांना कुणी दिला नव्हता, एवढा फरक आहेच.

माझी तक्रार वेगळी आहे. किनाऱ्यावर गुटख्याच्या पुड्या वाळूत अर्ध्या रुतलेल्या असतात. ओढल्या की फाटतात, उरलेला तुकडा नखाने उकरावा लागतो. नायलॉनच्या जाळ्याला तर तिघे लागतात. पोरं हे सगळं मनापासून करतात. मग फलक, फोटो, 'विसर्जन' आणि वडापाव. भरलेली पोती भिंतीशी तशीच. घंटागाडी येणार आहे का, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळपर्यंत कुत्री पोती फाडतात.

संचलनात प्रश्न विचारायचा नसतो, ते ठीकच. 'दाहिने मुड'ला 'का' म्हटलं तर रांगेचा बोजवारा उडेल. पण सेवेत प्रश्न विचारल्यावाचून काम पुरं होत नाही. हा कचरा येतो कुठून? तो रोज उचलणाऱ्या बाईला हातमोजे मिळतात का? नगरपालिकेला पत्र कोण लिहिणार? तेरा वर्षांच्या मुलाला हे सुचतं. फक्त विचारायची मुभा हवी.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी छात्रसेना दिन असतो. एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांना एक विनंती : यंदा नवी जागा शोधू नका. गेल्या वर्षीच्याच ठिकाणी मुलांना न्या, आणि शेवटचं पोतं गाडीत चढेपर्यंत 'विसर्जन' म्हणू नका.