बोट पास कोण करणार?

समुद्रात लांबवर जाणारी शिडाची बोट निवडताना माणसं आधी आकडे मांडतात. त्यातले दोन कुणालाही काढता येतील. पहिला वेगाचा. बोटीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. लांबी २५ फूट असेल तर उत्तर येतं ६.७ नॉट. जड बोट याच्यापुढे फारशी पळत नाही. दुसरा आकडा उलटण्याचा. वजन पौंडांत घेऊन ६४ ने भागा, घनमूळ काढा आणि त्याने बोटीच्या रुंदीला भागा. उत्तर २ च्या आत आलं की बोट खुल्या समुद्राला चालेल असं धरतात. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा जीव घेतला, त्यानंतर हे सूत्र आलं.

आता गंमत बघा. डोलकाठीच्या टोकाला एक टन शिसं बांधा. बोट पहिल्याच मोठ्या लाटेत उलटेल. पण वजन वाढल्यामुळे सूत्राचा आकडा उलट आणखी 'सुरक्षित' दिसेल! सूत्राला वजन किती ते कळतं, कुठे आहे ते कळत नाही. म्हणजे सूत्र वापरणाऱ्या माणसाने प्रामाणिक असायला हवं, हे सूत्रात कुठेच लिहिलेलं नाही.

मी जालना एमआयडीसीत सॉफ्टवेअर लिहितो. इथून समुद्र चारेकशे किलोमीटर लांब, पण प्रश्न ओळखीचा आहे. आमच्याकडे रोलिंग मिलमधून सळई निघते. तिचा तुकडा यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणतात. ५०० आणि ५०० डी या दोन ग्रेडच्या सळयांची किमान ताकद सारखीच, ५०० मेगापास्कल. फरक ताणण्यात आहे. पहिली तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबली पाहिजे, दुसरी १६ टक्के. भूकंपात इमारतीला हा लांबण्याचा गुण वाचवतो. बोटीचंही तसंच आहे. किती पळते हा एक प्रश्न, आणि आडवी झाल्यावर काय करते हा दुसरा.

पण एक मोठा फरक आहे. जो तुकडा तुटला तो इमारतीत जात नाही, त्याचे भाऊबंद जातात. बोट एकच असते. ती बुडेपर्यंत तपासता येत नाही. म्हणून शेवटी कुणीतरी माणूस म्हणतो, 'जाईल ही.' त्या वाक्यावर विश्वास का ठेवायचा?

सोपं उत्तर असं की, जो बोटीत बसणार त्यालाच ठरवू द्या. जीव त्याचा आहे, तो खोटं कशाला बोलेल? हे उत्तर १९६८ मध्ये खोटं ठरलं.

त्या वर्षी एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची पहिली शर्यत झाली. डोनाल्ड क्राउहर्स्ट नावाचा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर तीन सांगाड्यांची नवी बोट घेऊन उतरला. अशी बोट वेगवान असते, पण एकदा पालथी झाली की पालथीच राहते. त्यावर त्याने तोड काढली होती. डोलकाठीच्या टोकाला हवेने फुगणारी पिशवी आणि ती वेळेवर फुगवणारा 'कॉम्प्युटर'. निघायची शेवटची तारीख होती ३१ ऑक्टोबर. त्या दिवशी तो निघाला तेव्हा वायरी ओढलेल्या होत्या, कॉम्प्युटर मात्र झालेला नव्हता.

त्याला हे माहीत नव्हतं का? सगळ्यात जास्त त्यालाच माहीत होतं. पण पैसे लावणाऱ्याशी केलेला करार असा होता की मोहीम फसली तर बोट त्यानेच विकत घ्यायची. 'नाही' म्हटलं तर दिवाळं, 'हो' म्हटलं तर समुद्र. पुढे तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. तो मागोमाग येतोय असं समजून नायजेल टेटलीने आपली खिळखिळी झालेली बोट ताणली. ती मे १९६९ मध्ये बुडाली. टेटली वाचला. जुलैमध्ये क्राउहर्स्टची बोट रिकामी सापडली.

नऊ जण निघाले, त्यातली एकच बोट परतली. तीही आपल्या मुंबईत बांधलेली! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ३२ फुटी सागवानी 'सुहेली' जड होती, हळू होती, वाटेत तळातून गळायला लागली. पण त्याने ती मुंबईहून केप टाउनमार्गे लंडनपर्यंत आणली होती, तिच्या खोडी त्याला पाठ होत्या. पाण्यात बुडी मारून त्याने फटी बुजवल्या. ३१२ दिवसांनी तो घरी पोचला आणि बक्षिसाचे ५००० पौंड क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

मग सुहेलीचा नमुना 'पास' धरायचा का? २०१८ मध्ये त्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन अभिलाष टॉमी निघाले. दक्षिण हिंदी महासागरात बोट उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण बोट तरंगत राहिली आणि माणूस वाचला. हिला पास म्हणाल की नापास? मला वाटतं, शर्यतीत नापास आणि बोट म्हणून पास.

आपल्याकडचं दुसरं उदाहरण 'म्हादेई'चं. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींची कल्पना, गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांचं बांधकाम, आणि बांधणीपासून सोबत असलेले नौदलाचे दिलीप दोंदे. २००९ च्या फेब्रुवारीत बोट नौदलात आली. ऑगस्टमध्ये दोंदे एकटे प्रदक्षिणेला निघाले, पण त्याआधी मॉरिशसला जाऊन आले. मॉरिशसची फेरी म्हणजे 'नाही' म्हणायची ठेवलेली जागा. तिथून परत येऊन 'अजून तयारी नाही' म्हणता आलं असतं, आणि त्याने कुणाचं घर विकलं गेलं नसतं.

मला फरक इथे दिसतो. क्राउहर्स्ट खोटारडा आणि बाकीचे हरिश्चंद्र, असं म्हणून मोकळं होता येत नाही. जीव पणाला लागला की माणूस खरं बोलतो, हेही पुरेसं नाही. ज्याला 'नाही' म्हणणं परवडतं, त्याच्याच 'हो'ला किंमत असते. म्हणून तपासणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची अर्धी जबाबदारी तारीख ठरवणाऱ्यावर आणि करार लिहिणाऱ्यावर येते. क्राउहर्स्टच्या वेळी ते लोक किनाऱ्यावर उभे राहून हात हलवत होते.

आपल्यातले बरेच जण कधी समुद्रात जाणार नाहीत. पण सळईचा रिपोर्ट असो, पुलाचा असो की शुक्रवारी रात्री लाइव्ह जाणारा कोड असो, कुणीतरी आपल्याला विचारतंच, 'पास आहे ना?' उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारून बघा: 'नाही म्हणालो तर काय होईल?' समोरचा गप्प बसला, तर ती शांतताही रिपोर्टमध्ये लिहायला हवी.