जखम कोणी केली?



आफ्रिकेत रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवर विरुंगा नावाचे ज्वालामुखी डोंगर आहेत. तेथे आणि युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात डोंगरी गोरिला राहतात. २०१९ साली जाहीर झालेल्या गणनेनुसार ते १०६३ होते. जगात इतरत्र ते कोठेही नाहीत.

या गोरिलांवर लक्ष ठेवणारे पशुवैद्य आहेत. डायन फॉसी या अमेरिकन संशोधिकेने गोरिलांसाठी डॉक्टर मागितला होता. डिसेंबर १९८५ मध्ये तिची हत्या झाली आणि १९८६ मध्ये काम सुरू झाले. आज ते ‘गोरिला डॉक्टर्स’ या नावाने तिन्ही देशांत चालते.

या डॉक्टरांचा एक नियम मला विचारात पाडतो. जखम माणसामुळे झालेली असेल किंवा जिवावर बेतणारी असेल, तरच उपचार करायचे. शिकारी लोक हरणांसाठी फासकी लावतात. तिच्यात गोरिलाचे पिल्लू अडकते, दोरी मनगटात रुतते आणि हात सडू लागतो. अशा वेळी डॉक्टर बंदुकीने भुलीचे इंजेक्शन मारतात, फास कापतात, जखम धुतात आणि जंगलातच पिल्लाला कळपात परत सोडतात. पण दोन नर एकमेकांशी झुंजले आणि रक्तबंबाळ झाले, तर डॉक्टर बहुधा नुसते पाहत राहतात.

हे योग्य आहे का? चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या माणसाला ‘तुला कोणी मारले?’ असे विचारले नाही. दुखणाऱ्याला दुखतेच, फास असो वा सुळा. मग डॉक्टरांनी कारण का विचारावे?

मला वाटते, याची उत्तरे दोन आहेत. पहिले असे की, फासकीची जखम हे आपले देणे आहे. माणसाने केलेली इजा माणसाने भरून देणे ही दया नव्हे, तो न्याय आहे. तेथे ‘निसर्ग पाहून घेईल’ म्हणता येत नाही. दुसरे उत्तर असे की, मदतीचा हातही इजा करू शकतो. भूल जिवावर बेतू शकते. कळप बिथरतो. आपली साधी सर्दी गोरिलाला न्यूमोनिया होऊन मारू शकते. ज्याची जखम आपोआप भरणार आहे, त्याला आपल्या समाधानासाठी या धोक्यात घालणे हे प्रेम नव्हे.

मात्र ‘नुसते पाहणे’ याचा अर्थ नीट समजून घ्यावा. माग काढणारे लोक रोज सकाळी डोंगर चढतात. जखमी नर खातो का, हात टेकतो का, कळपाबरोबर चालतो का, हे पाहतात आणि डॉक्टरांना कळवतात. जखम चिघळली व जीव धोक्यात आला, तर नियमाचा दुसरा भाग लागू होतो. याजक आणि लेवी यांनीही पाहिले होते, पण ते पलीकडून निघून गेले. हे लोक दुसऱ्या दिवशी परत येतात. फरक येथे आहे.

या कष्टांना फळ आले आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, विरुंगातील ज्या कळपांवर रोज लक्ष होते व ज्यांना उपचार मिळत होते, ते वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनी वाढले. ज्यांच्याजवळ कोणी जात नव्हते, ते किंचित घटले.

तरीही एक प्रश्न उरतो. झुंजीत मरणाऱ्या नराला वाचवले, तर जंगलातील जगणे आपण आपल्या हाती घेतो. न वाचवले, तर इतक्या थोड्यांतील एक जातो. नियम असला तरी निर्णय त्या दिवशी त्या डॉक्टरलाच घ्यावा लागतो.

आपल्यालाही घरात असे निर्णय घ्यावे लागतात. वयात आलेला मुलगा ठेचकाळतो, तेव्हा धावावे की थांबावे? त्याआधी स्वतःला विचारू या: ही जखम माझ्यामुळे तर झाली नाही? झाली असेल, तर थांबण्याचा हक्क मला नाही. नसेल आणि थांबलोच, तर उद्या सकाळी पुन्हा पाहायला जाण्याची माझी तयारी आहे का?

आपला,
धर्मगुरू