साक्षी की भोक्ता?

गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका जुन्या यजमानांचा नातू आम्हांस म्हणाला, "बुवा, तुम्ही जन्मभर गावोगाव हिंडलात, पण कीर्तन संपलं की वळकटी उचलून पुढं. गाव म्हणून गाव कधी पाहिलंत का? चला, दोन दिवस मोटारीनं हिंडून येऊ." मुलगा गुणी, नातसूनही आग्रही, आम्ही हो म्हटले. पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट ओलांडावा, सुरूरच्या फाट्याला वळून वाई व मेणवली पाहावी, मग लिंब, माहुली करून परतताना वाठार-लोणंदवरून यावे, असा बेत ठरला. प्रवास सुखाचा झाला. परंतु त्यात एक प्रश्न असा निघाला की, तो आमच्याच कीर्तनातला असून आमच्याच गळ्यात येऊन पडला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहिणे.

वाई आम्हांला नवी नव्हे. संस्कृत शिकलेल्या माणसाला वाई म्हटले की घाटाआधी नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा आठवते. पण या खेपेस आम्ही शास्त्र बाजूला ठेवून घाटावर बसलो. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. लोक पुढून दर्शन घेतात, फोटो काढतात आणि जातात. आम्ही मागे गेलो. तेथली भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर आपटून दुभंगावे आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावे, अशी योजना. ज्याने ती बांधली त्याने नदीला पुरात पाहिले असले पाहिजे, आणि तेही एकदाच नव्हे. मोटारीतून येणाऱ्याला नदी नेहमी शांतच दिसते, कारण पुरात तो येतच नाही.

वाईपासून मेणवली हाकेच्या अंतरावर. नाना फडणिसांचा वाडा, खाली उतरत गेलेला घाट, देवळे, आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा. खरे सांगायचे तर त्या पायऱ्यांवर उभे राहिलो आणि डोळे निवाले. पलीकडे ऊस, वडाची सावली पाण्यात. २००४ साली 'स्वदेस' हा चित्रपट येथे काढल्यापासून माणसांची वर्दळ फार. आम्ही गेलो तेव्हा मात्र घाटावर एक म्हातारी धुणे धूत होती, दुसरे कोणी नव्हते. नातवाने मोबाईल काढला आणि म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." म्हातारी निमूटपणे पिळलेले लुगडे उचलून चार पायऱ्या सरकली. फोटो झाला. मग त्याला काय वाटले कोण जाणे, म्हणाला, "आजी, आता परत तिथंच बसा ना, मागं देऊळ येऊ द्या." ती पुन्हा येऊन बसली.

आमच्या गळ्यातली माळ पाहून ती म्हणाली, "कुठलं गाव म्हनायचं बुवा तुमचं?" आम्ही सांगितले. "माळकरी हायसा, तवा च्या घेतल्याबिगर कसं जाताय? ह्ये वरच हाय घर." नातसून उठलीसुद्धा. नातू घड्याळ पाहून म्हणाला, उशीर होतोय, लिंबची विहीर उजेडात पाहायला हवी. आणि आम्ही? आम्ही "पुन्हा कधी तरी येऊ हो, आजी," म्हणालो. गावोगाव अन्न खाऊन वाढलेल्या माणसाने जेवढ्या सहज हे वाक्य म्हणावे तेवढ्याच सहज म्हणालो.

लिंबची बारा मोटांची विहीर पाहून माणूस थक्क होतो. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली; अष्टकोनी विहीर, तिच्यावर एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय, आत उतरल्यावर छोटा महालच. सगळे लोक महाल पाहतात. आमचे लक्ष मोटांच्या जागांकडे गेले. बारा मोटा म्हणजे किती बैल, किती नाडे, आणि त्यांच्यामागे पहाटेपासून उभी राहिलेली किती माणसे! आज आपण ज्याला सुंदर म्हणून पाहायला येतो ते कोणाच्या तरी गरजेतून आणि घामातून उभे राहिलेले असते. हे आम्ही मोटारीत बोलून दाखविले, आणि ओघाने मेणवलीच्या म्हातारीचा विषय निघाला.

त्यावर मुलगा म्हणाला, "बुवा, आम्ही कुणाचं काय नेलं? पाहिलं आणि निघालो. कुणाला त्रास नाही, कशात गुंतणं नाही. तुम्हीच तर कीर्तनात सांगता, जगात साक्षीभावानं राहावं."

झाले! चाळीस वर्षे मुंडकोपनिषदातले दोन पक्षी आम्ही कीर्तनात उडवीत आलो. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. खाणारा जीव, पाहणारा साक्षी. आता या मुलाला काय उत्तर द्यावे? आम्ही गप्प बसलो. त्याने ते हार मानणे समजले असावे, आणि तेव्हा ते हार मानणेच होते.

माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेलो. हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. देवळाचे नक्षीकाम पाहत खाली उतरतो तो नदीकाठी चिता पेटलेली, दहा-पंधरा माणसे उभी. मुलाने मोबाईल न सांगता खिशात घातला आणि मान खाली घालून उभा राहिला. मुलगा निर्दय नाही हो. प्रेताजवळ त्याला आपोआप कळले की, हे दृश्य नव्हे, कोणाचे तरी घर उद्ध्वस्त होत आहे. मग धुणे धुणाऱ्या बाईजवळ ते का कळू नये? मरण ठळक असते, रोजचे जगणे तेवढे ठळक नसते, एवढाच फरक.

तेथून पुढे वाठारच्या रस्त्याने येताना आम्हांला उत्तर थोडे थोडे सुचू लागले. साक्षी दृश्याला 'बाजूला हो' म्हणत नाही, 'परत बस' असेही म्हणत नाही. ज्याला दृश्य अमुक असे हवे, तमुक असे नको, तो खाणारा पक्षी. फांदीवर नुसता बसलेला नव्हे. फळ चोचीत न घेता डोळ्यांनी खाल्ले म्हणून तो उपाशी ठरत नाही. डोळ्यांचे सुख वाईट असे आमचे म्हणणे नाही. विटेवरचे रूप पाहून ज्यांच्या डोळ्यांना पाणी येते त्यांनी मेणवलीच्या घाटाला नाक मुरडू नये. भोग घ्यावा, पण भोगाला वैराग्याचे नाव देऊ नये.

आणि दुसरे असे की, साक्षी व्हायचे ते कोणाच्या सुखदुःखाचे? आपल्या. आपला देह दुखतो, आपला मान जातो, तेथे 'मी पाहणारा' म्हणून वेगळे राहणे ही साधना. दुसऱ्याच्या दुःखाचे साक्षी होणे याला साधना म्हणत नाहीत, त्याला दगडपणा म्हणतात. हा भेद आम्ही कीर्तनात कधी नीट फोडून सांगितला नव्हता. मुलाने जे ऐकले तेच तो बोलला. दोष ऐकणाऱ्याचा नव्हता.

एवढे उत्तर जमवून आम्ही मनात जरा खूश होतो. आता लोणंद येईल, तेथे चहाला थांबू, आणि मुलाला दाखवू की गाव कसे पाहावे! लोणंद म्हणजे आमच्या वारीचा मुक्काम. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झाले की पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला विसावते. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण. तीस वर्षांवर आम्ही त्या गावातून पायी गेलो आहोत. डोळे मिटून सांगू, असा आमचा अभिमान.

आणि लोणंदला उतरलो तर गाव ओळखूच येईना. कांद्याच्या गोण्या भरलेल्या गाड्या, मालमोटारींची रांग, बाजाराचा कलकलाट. तंबू नाहीत, रांगोळ्या नाहीत, कोणी पायांवर पाणी घालणारे नाही. आम्ही मुक्कामाची आळी विचारली तेव्हा चहावाला हसला. "बुवा, आषाढ सोडून कसं काय येणं झालं?" मग बोलता बोलता म्हणाला, पालखी गेली की गाव सुनं सुनं वाटतं, आणि झाडलोट मात्र किती तरी दिवस पुरते. रागाने नाही बोलला. पाहुण्याला घरचे सांगावे तसे बोलला.

आम्ही चहाचा पेला धरून तसेच उभे. तीस वर्षे ज्या ओसरीवर आमची दिंडी पिठले-भाकरी खाते, त्या घरातल्या बाईचे नाव आम्हांला ठाऊक नाही. 'माउली' म्हटले की भागते. सर्वांनाच माउली म्हणण्यात केवढा तरी मोठा भाव आहे, हे आम्ही शेकडो वेळा सांगितले आहे. पण नाव विचारण्याचे कष्ट चुकविण्यालाही तो शब्द कामी येतो, हे त्या दिवशी कळले. मोटारीतल्या मुलाने दोन दिवस जे केले ते आम्ही टाळमृदंगाच्या गजरात तीस वर्षे केले. त्याच्या चित्रात घाट होता, आमच्या चित्रात वारी. गाव दोन्हीकडे मागे उभे.

आम्ही त्या ओसरीचे घर शोधीत गेलो. बाई मळ्यात गेल्या होत्या. दारात लहान नात होती. तिला आजीचे नाव विचारले. तिने सांगितले, आणि वर विचारले, "तुम्ही कोण?" त्यावर आमच्या तोंडून वारकरी, कीर्तनकार असे काही निघेना. नुसते आडनाव आणि गाव सांगितले.

लोणंदहून नीरा, वाल्हे, जेजुरी, सासवड. पायी जे इतके मुक्काम, ते मोटारीने अडीच-तीन तासांत मागे पडले. मुलगा गाडी हाकीत होता, कोणी फारसे बोलले नाही. दिवे घाटात एवढेच म्हणाला, "बुवा, त्या आजींचं नाव मीही विचारलं नाही."

चैत्रात वाईकडे आमचे एक कीर्तन ठरले आहे. एस. टी. ने जाणार आहोत, आणि एक दिवस आधी. मुलाने काढलेला फोटो कागदावर छापून दिला आहे. त्यात म्हातारी पाठमोरी दिसते, हातात पिळलेले लुगडे. तो तिला द्यायचा आहे, आणि चहा राहिला आहे.