गाभा कोवळाच असतो

मणिकर्णिका घाटावर चितेचं लाकूड तोलून मिळतं. दादांसाठी ओंडके काट्यावर चढत होते आणि माझी बोटं सवयीनं सालींवर फिरत होती. लागवडीतल्या निलगिरीची घनता मोजण्यात माझी सारी नोकरी गेली. एकाच खोडात ती सारखी नसते. मधला गाभा झाडाच्या बालपणी घडतो, म्हणून हलका. सालीकडे जावं तसं लाकूड जड होत जातं. साल पुन्हा हलकी, पण लाकडापेक्षा जास्त राख मागे ठेवणारी.

तैत्तिरीय उपनिषद माणसाचा एकेक कोश, एकेक आवरण ओलांडत आत नेतं. आत सर्वांत कठीण, अभंग असं काही असणार, असं मी समजत होते. झाडाच्या आत मात्र कोवळेपण भेटलं. बळ वर्षावर्षानं त्याभोवती साठलेलं.

कडक शिस्तीचे दादा शेवटच्या आठवड्यात लहान मुलासारखे आईला हाका मारत होते. तेव्हा मला वाटलं, दादा हरवत चाललेत. चितेपाशी उमगलं, जाळ बाहेरून आत सरकतो आणि गाभ्याशी शेवटी पोचतो. दादा हरवले नव्हते. ते आत पोचले होते.